अमीरनला घरात घेणार कोण?

शाळेच्या ग्रंथालयासाठी उर्दू पुस्तकांची यादी करायचे काम आमच्याकडे आले होते. यादीत आम्ही 'उमराव जान अदा' हे नाव लिहिले. यादी मंजूर होऊन परत आली तेव्हा त्या एका नावावर लाल शाईची रेघ होती. कारण विचारायला गेलो तर उत्तर मिळाले, "मुलीही शिकतात आपल्या शाळेत. तवायफची गोष्ट वाचून त्या काय शिकणार?" एवढ्यात साहेबांचा मोबाइल वाजला. त्यात आशा भोसले गात होत्या. १९८१ च्या 'उमराव जान' सिनेमातले गाणे, खय्याम यांची चाल, शहरयार यांचे शब्द. साहेबांनी गाणे थोडे वाजू दिले, मग फोन घेतला. आम्ही वर्गावर गेलो.

रेघेचा राग आला हे खरे. पण राग ओसरल्यावरही एक गोष्ट मनातून जाईना. साहेबांनी पुस्तक वाचलेले नव्हते, तरी त्या पुस्तकातल्या भावाची भूमिका ते हुबेहूब वठवीत होते. आमचा आरोप साधा आहे. आपल्या समाजाला उमरावचे गाणे हवे आहे, तिचे रडणे हवे आहे, तिच्या निमित्ताने लखनौच्या तहजीबचे उमाळे हवे आहेत. तिने घरी परत यावे, तेवढे मात्र नको आहे.

मराठी वाचणाऱ्या आपल्या पुष्कळ बंधू-भगिनींना उमराव ठाऊक आहे ती पडद्यावरची. म्हणून मूळ कादंबरीची हकीगत सांगणे भाग आहे. मिर्झा मुहम्मद हादी रुसवा यांची ही कादंबरी १८९९ साली प्रसिद्ध झाली. रुसवा लखनौच्या ख्रिश्चन कॉलेजात शिकवीत. पुढे हैदराबादला उस्मानिया विद्यापीठाच्या भाषांतर विभागात गेले आणि १९३१ साली तिथेच त्यांचा इंतकाल झाला. त्या वेळी आपला मराठवाडाही त्याच निजामी राज्यात होता. तेव्हा हा लेखक आपल्याला अगदीच परका नाही. कादंबरीसाठी त्यांनी आपल्या आधीच्या पिढीचा काळ निवडला. नवाबी बुडते आहे, १८५६ साली कंपनी सरकारने अवध खालसा केले आहे, पाठोपाठ सत्तावनचा उठाव येतो आहे. बादशहा, नवाब, गोरे साहेब यांची गोष्ट लिहिणारे पुष्कळ होते. रुसवांनी त्या धामधुमीत सापडलेल्या एका मुलीची गोष्ट लिहिली.

मुलीचे नाव अमीरन. फैजाबादची. बाप बहू बेगमच्या मकबऱ्यावर जमादार. शेजारी राहणाऱ्या दिलावर खान नावाच्या गुंडाविरुद्ध बापाने खरी साक्ष दिली. त्याचा सूड म्हणून दिलावरने ही पोर उचलली आणि लखनौला नेऊन विकली. खानम नावाच्या कोठेवालीने सव्वाशे रुपये मोजले आणि अमीरनची उमराव झाली. पोरीचा गुन्हा काय? तिचा बाप खरे बोलला.

कोठ्यावर तिला खायला-ल्यायला चांगले मिळाले. तिथे येणाऱ्या मौलवी साहेबांनी तिला फारसी-उर्दू शिकवले. ती शायरी करू लागली, 'अदा' हे तखल्लुस घेतले. पण सोन्याचा झाला तरी पिंजराच. सिनेमा आपल्याला सांगतो की ती नवाब सुलतानच्या प्रेमात झुरली. कादंबरीत प्रेमापेक्षा सुटकेची धडपड मोठी आहे. फैज अली नावाच्या माणसाबरोबर ती कोठा सोडून निघते. तो निघतो दरोडेखोर, वाटेत पकडला जातो. मग ती एकटी कानपूरला पोचते आणि स्वतःच्या गळ्यावर स्वतःचे पोट भरू लागते. तिथून तिला पुन्हा लखनौला नेले जाते. सत्तावनच्या पळापळीत लखनौ सुटते आणि ती फैजाबादला येते, आपल्या जन्मगावी.

इथे कादंबरीचा खरा घाव आहे. ज्या मोहल्ल्यात ती जन्मली त्याच मोहल्ल्यात तिला मुजऱ्याला बोलावले जाते. ती घर ओळखते. आई तिला ओळखते. दोघी गळ्यात गळा घालून रडतात. पण घरात भाऊ आहे. लहानपणी ज्याला तिने कडेवर खेळवले, तो आता बहिणीच्या जिवावर उठतो आणि अखेर तिला गाव सोडायला लावतो. दिलावर खानने उचलले तेव्हा अमीरन एकदा हरवली, भावाने दार लावले तेव्हा दुसऱ्यांदा. पहिल्या गुन्हेगाराला पुढे फाशी होते. दुसऱ्याला गुन्हेगार म्हणायला कोणी धजत नाही. त्याला इज्जतदार म्हणतात.

हे लिहिताना आम्ही दुसऱ्याकडे बोट दाखवून मोकळे होऊ शकत नाही. दार लावणाऱ्यांत आम्हीही होतो.

आमच्या वर्गात नववीला एक मुलगी होती. नाव सांगणार नाही. बाप यंत्रमागावर रात्रपाळी करायचा. घरात सावत्र अम्मी. मुलगी कधी हातावर डाग घेऊन यायची, कधी दोन-दोन दिवस यायचीच नाही. विचारले की "पाय घसरला, सर" हे ठरलेले उत्तर. एक दिवस संध्याकाळी ती घरातून निघाली आणि एस.टी.ने दुसऱ्या तालुक्यातल्या खालाकडे जायला निघाली. मधल्या गावी पुढची गाडी चुकली. रात्र तिने स्टँडवर काढली, एका फळवाल्या म्हातारीच्या शेजारी बसून. दुसऱ्या दिवशी दुपारी खालाच्या दारात पोचली. खालाने तिला जवळ घेतले आणि चौथ्या दिवशी स्वतः शाळेत आणून सोडले, कारण परीक्षा महिन्यावर आली होती.

मोहल्ल्याने त्या चार दिवसांतून एकच रात्र वेचून काढली. स्टँडवरची. हातावरच्या डागांचा हिशेब कोणी मांडला नाही, त्या एका रात्रीचा मात्र घरोघरी मांडला. संस्थेकडून निरोप आला, "शाळेचे नाव खराब होईल. दाखला देऊन टाका." आठवीपर्यंतच्या मुलाला शाळेतून काढून टाकता येणार नाही असा कायदा २००९ साली झाला आहे. ही नववीत होती. वर्गशिक्षक म्हणून दाखल्याचा मजकूर आम्हीच भरला. 'शाळा सोडण्याचे कारण' या रकान्यात लिहिले, पालकांच्या विनंतीवरून. 'वर्तणूक' या रकान्यात लिहिले, चांगली. दोन्ही रकाने एकाच कागदावर, एकाच अक्षरात. चांगल्या वर्तणुकीच्या मुलीला परीक्षेच्या तोंडावर शाळा का सोडावी लागते, हे त्या कागदाला कोणी विचारले नाही. आम्हीही विचारले नाही. बी.एड.ला असताना आम्ही समस्याग्रस्त मुलांवर टीप लिहिली होती, गुणही चांगले पडले होते.

तेव्हा 'उमराव जान अदा' वाचून मुली पळून जातील असे जे म्हणतात त्यांना आमचे उत्तर एवढेच आहे की, या मुलीने आयुष्यात एकही कादंबरी वाचली नव्हती. तिच्या दप्तरात बालभारतीची पुस्तके होती. मुलींना घराबाहेर काढते ती घरातली मारहाण. पुस्तकावर रेघ मारणे सोपे असते, मारणाऱ्या हाताला धरणे अवघड, म्हणून आपण पुस्तकावर रेघ मारतो.

या बाबतीत आपण एक सोयीस्कर समजूत बाळगली आहे. कोठ्यावरच्या सगळ्या मुली पळवून आणलेल्या होत्या, दिलावर खानासारख्या बदमाशांनी. म्हणजे दोष गुंडाचा, घर निष्पाप. वीणा तलवार ओल्डेनबर्ग या इतिहासकार बाईंनी लखनौच्या दप्तरांचा अभ्यास केला. सत्तावननंतरच्या काळातल्या कराच्या वह्यांत तवायफांची नावे सर्वांत वरच्या करदात्यांत आहेत, ही गोष्ट त्यांनी १९८४ सालच्या आपल्या पुस्तकात उजेडात आणली. पुढे त्यांनी लखनौतल्या हयात तवायफांशी बोलून त्यांच्या कहाण्या ऐकल्या. त्यांतल्या पुष्कळ जणी कोणी उचलून आणलेल्या नव्हत्या. माहेरचा किंवा सासरचा जाच असह्य होऊन त्या आपल्या पायांनी तिथे आल्या होत्या. हे वाचून आम्ही हादरलो. कोठ्याची तरफदारी आम्हाला करायची नाही. तिथे बाईचा सौदाच होतो. पण ज्या घरातून निघालेल्या मुलीला कोठा बरा वाटतो, त्या घराला काय म्हणावे? जिला मशिदीत, मदरशात, नातेवाइकांत, शाळेत कुठेच दार मिळाले नाही तिला एकच दार उघडे सापडले असेल, तर लाज कोणाला वाटायला हवी?

हे फक्त आपल्या समाजाचे दुखणे आहे असे आम्ही म्हणत नाही. अमृता प्रीतम यांची 'पिंजर' ही कादंबरी १९५० साली पंजाबीत आली. २००३ साली तिच्यावर हिंदी सिनेमाही निघाला. फाळणीच्या आधीच्या पंजाबातली पूरो ही हिंदू मुलगी. जुन्या खानदानी वैरापायी रशीद तिला उचलून नेतो. एका रात्री ती संधी साधून पळते, अंधारात वाट काढीत आपल्या आईबापांच्या दारी येते. आईबाप रडतात आणि तिला परत पाठवतात. ज्याने पळवले त्याच्याच घरी तिला परत जावे लागते. उमरावचा भाऊ मुसलमान, पूरोचे आईबाप हिंदू. दार लावण्याची रीत मात्र एकच.

आपल्यातले काही जण 'पिंजर'चे नाव काढले की कपाळाला आठ्या घालतात, कारण त्यात मुलगी पळवणारा मुसलमान आहे. आमचे म्हणणे असे की, म्हणूनच ती कादंबरी आपण आधी वाचली पाहिजे. दिलावर खानही मुसलमान होता, त्याला रुसवांनी झाकले नाही. रशीदला झाकून आपली अब्रू वाचत नाही. आणि ज्यांना रशीद दाखवून साऱ्या कौमेला बदनाम करायचे आहे, त्यांनी पूरोच्या आईबापांचे पान गाळून पुढे जाऊ नये. पुस्तक वाचायचे तर सगळे वाचावे.

फाळणीत पळवल्या गेलेल्या स्त्रियांना परत आणण्यासाठी भारत सरकारने १९४९ साली कायदा केला. तिला स्वतःला काय हवे, हे विचारणे त्या कायद्याने आवश्यक मानले नाही. या सुमाराची एक कथा आम्ही वर्गात सांगतो, राजिंदर सिंह बेदींची 'लाजवंती'. परत आलेल्या बायकांना मनात वसवा असा प्रचार करीत फिरणारा सुंदरलाल, त्याची स्वतःची बायको परत येते तेव्हा तिला घरात घेतो. मारत नाही, टाकून बोलत नाही, देवी म्हणून पुजतो. पण तिच्यावर काय गुजरले ते ऐकून घेत नाही. लाजो घरात येऊन पुन्हा उजाडच राहते. म्हणजे दार उघडणे ही पहिली पायरी झाली. तिचे ऐकून घेणे ही दुसरी.

रुसवांचे मोठेपण इथे आहे. त्यांच्या कादंबरीची सुरुवात आठवा. मुशायरा चालला आहे. एका शेरावर खिडकीपलीकडून कोणा बाईची दाद येते. तिला बैठकीत बोलावले जाते, आणि मग रुसवा तिच्याकडून तिची सारी हकीगत ऐकून घेतात. सबंध कादंबरी म्हणजे एका बाईने सांगणे आणि एका पुरुषाने ऐकणे. आमच्या शाळेत त्या मुलीला पाच मिनिटे समोर बसवून "काय झाले?" असे विचारणारा एकही माणूस नव्हता. आम्ही धरून.

आता कोणी म्हणेल, हे सगळे कादंबरीतले. दीनाचे काय? दीनाचेच बोलू. इस्लामपूर्व अरबस्तानात मुलींना जिवंत पुरत आणि कुरआनाने त्या रिवाजावर कडक कोरडे ओढले, हे आपण प्रत्येक बयानात ऐकतो. त्याहून कमी वेळा सांगितला जाणारा प्रसंग हजरत आयेशा (रजि.) यांचा आहे. मोहिमेवरून परतताना त्यांचा हार हरवला, तो शोधायला गेल्या तेव्हा काफिला पुढे निघून गेला, आणि मागून येणाऱ्या हजरत सफवान (रजि.) यांनी त्यांना आपल्या उंटावरून काफिल्यापर्यंत आणले. एवढ्यावरून मदिन्यात कुजबुज सुरू झाली. महिनाभर उम्मुल मोमिनीनना ती सोसावी लागली. अखेर सूरह नूरमध्ये अल्लाहने त्यांची पाकी जाहीर केली. त्याच सूरहने पाक स्त्रीवर तोहमत ठेवून चार साक्षीदार न आणणाऱ्याला ऐंशी फटक्यांची सजा ठरवली आणि त्याची साक्ष पुढे कधीही मानू नये असे फर्मावले. त्या आदरणीय मातेशी आम्ही कोणाची बरोबरी करीत नाही. आम्ही फक्त कायदा काय सांगतो ते पाहतो. मुलगी एक रात्र घराबाहेर राहिली म्हणून तिच्याविषयी बोलणाऱ्या माणसालाच दीन गुन्हेगार ठरवतो. मग आमच्या मोहल्ल्यात चार साक्षीदार कोणी मागितले? सजा कोणाला झाली? दाखला कोणाच्या हातात पडला?

शेवटी आपल्या लिहिणाऱ्यांकडे वळतो. १९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हापासून आपण म्हणत आलो की आमचे जगणे आम्हीच मराठीत मांडू. आपल्या कवितेत, कथेत ते आले. पण इतिहासाचा विषय निघाला की आपण बचावाच्या पवित्र्यात जातो. आमचे बादशहा कसे न्यायी होते, आमच्या इमारती किती देखण्या होत्या, याच्या पुढे आपली लेखणी जात नाही. लोकप्रिय मराठी ऐतिहासिक कादंबऱ्यांत मुसलमान बाई बहुधा पडद्याआडची बेगम असते, नाहीतर कारस्थानी तरी. आपण त्यावर रागावतो आणि स्वतः लिहिताना तिला इमारतीतल्या जाळीसारखी सुंदर आणि मुकी करून ठेवतो.

कल्याणच्या सुभेदाराच्या सुनेची कथा महाराष्ट्रातल्या प्रत्येक मुलाने ऐकली आहे. शिवाजी महाराजांनी तिला आईचा मान देऊन परत पाठवले, ही ती कथा. आम्हीही ती वर्गात अभिमानाने सांगतो. एकदा एका मुलीने हात वर केला आणि विचारले, "सर, मग तिच्या घरच्यांनी तिला आत घेतलं का?" आम्ही निरुत्तर झालो. महाराजांनी आपले काम केले, कथा तिथे संपते. आम्ही ऐकलेल्या कथेत तिचे नावसुद्धा नाही. ती पालखीतून उतरली तेव्हा दारात कोण उभे होते? सासूने काय विचारले? नवऱ्याने तिच्या बाजूने एक शब्द काढला का? ती आपल्याच घरची सून होती. तिच्या पुढच्या रात्रीचा जाब शत्रूला नाही, आपल्याला द्यायचा आहे. ही कादंबरी आपल्यातल्या कोणीतरी लिहायला हवी. लढाया, तहनामे, दरबार यांना चार पाने पुरतील. बाकीची सगळी पाने त्या दाराशी खर्च करावी.

असे लिहिले तर समाजाची बदनामी होईल, ही ओरड होणारच. रुसवांनी लखनौची बदनामी केली का? शंभरावर वर्षे झाली, त्या काळचे कोतवाल, काजी, रईस विसरले गेले आणि लखनौचे नाव लोक उमरावमुळे घेतात.

त्या मुलीचे पुढे काय झाले असे कोणी विचारील. खालाने तिला आपल्या गावच्या शाळेत घातले. वर्ष वाया गेले. दोन वर्षांनी ती दहावी पास झाली, असे खालाकडून कळले. आम्ही अभिनंदन करायला गेलो नाही. कोणत्या तोंडाने जाणार?

यंदाही पुस्तकांची यादी आमच्याकडेच आली आहे. पहिल्या क्रमांकावर आम्ही 'उमराव जान अदा' लिहिले आहे, दुसऱ्यावर 'पिंजर'. साहेबांनी लाल शाई खुशाल वापरावी. तेवढे पुस्तक मात्र एकदा आधी वाचावे, निदान भाऊ दारात येतो त्या पानापर्यंत.